पुढच्या तासांचे आकडे

तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणत असू आणि पाठीमागे 'पनमंग'. रसायनीतल्या त्या कारखान्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तो आता उभाही नाही. तिथे काकांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. कोणी काही सांगायला बसलं की त्यांचा उजवा हात हळूच वर जायचा, डोळे बारीक व्हायचे आणि गोष्ट संपायच्या आत ते विचारायचे, "पन मंग?" एकदा कॅन्टीनमध्ये एक जण सांगत होता की त्याच्या चुलत्याची म्हैस भर दुपारी गोठ्यातून चोरीला गेली आणि घरात कोणाला चाहूलही लागली नाही. काका म्हणाले, "पन मंग रेडकू गप कसं ऱ्हायलं?" आठवड्याभरात कळलं, चुलत्यानेच म्हैस विकली होती आणि बायकोला सांगायची त्याची छाती नव्हती. तेव्हापासून काकांसमोर थापा मारणारे जरा बेतानेच मारायचे.

काका आमच्या पाळीचे प्रमुख होते. गाव कळंब, घरची भातशेती. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास झाले आणि मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात भांडी ढवळण्यापासून सुरुवात करून इथपर्यंत आले. मोहोपाड्यात एका खोलीत एकटे राहायचे आणि सुट्टीला एसटीने गावी जायचे. मी कर्जतचा, नुकताच बी.एस्सी. झालेला, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या वयातला. माझी खोली त्यांच्या शेजारी होती.

चहा नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. काकांना व्यसन एकच होतं. कालयंत्राच्या गोष्टी. सत्तरच्या त्या दशकात मासिकांतून अशा गोष्टी बऱ्याच यायच्या. कोणी शास्त्रज्ञ यंत्रात बसतो, खटका दाबतो आणि शंभर वर्षं मागे जाऊन उतरतो. आमच्यासारखे लोक त्या वाचायचे आणि विसरून जायचे. काका त्या तपासायचे. आमच्या बॉयलरवर वाफेचा दाब नोंदवणारं एक यंत्र होतं. त्यात रोज एक ताटलीएवढा गोल कागद लागायचा आणि दुसऱ्या दिवशी फेकला जायचा. काका ते कागद जमवून घरी आणायचे आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर गोष्टीचा नकाशा काढायचे. काळ्या पेन्सिलीने जगाची रेघ, लाल पेन्सिलीने प्रवाशाची. लाल रेघ मागे वळून काळीला छेदायची तिथे एक टिंब, आणि टिंबापाशी बारीक अक्षरात प्रश्न. एका गोष्टीला मी सतरा प्रश्न मोजले होते.

"काका, एवढं कशाला खणत बसता? गोष्टच आहे."

"छत्री घेताना काय करतोस? उघडून उनात धरून आतनं बघतोस ना? तसंच हाय हे. भोकं आतनं दिसतात."

एकदा त्यांनी एका संपादकांना पोस्टकार्ड पाठवलं. गोष्टीतला नायक लढाईच्या आधी जाऊन सेनापतीला सावध करतो आणि लढाई होतच नाही. काकांनी विचारलं होतं की लढाई झालीच नाही तर नायकाने ती पुस्तकात वाचली कुठे? महिन्याभराने उत्तर आलं. 'कथा केवळ करमणुकीसाठी आहे, कृपया तशीच वाचावी.' ते कार्ड काकांना फार लागलं. दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "करमनूक तर करमनूक. पन मंग पत्ते बी करमनूकच ना? तितं पाचवा एक्का चालतो का?"

भूतकाळ हा त्यांच्या लेखी शेताचा बांध होता. बांध हातभर सरकवला की शेजाऱ्याचं शेत हातभर कमी होतं, त्याचं पाणी तुंबतं, ते तिसऱ्याच्या वावरात शिरतं. "अन् ह्ये लेखक काय करतात? आपला बांध सरकवतात अन् घरी येऊन जेवतात. शेजारी भांडायलाच येत नाय."

मीही लेखक होतो, किंवा होणार होतो. दिवाळी अंकासाठी मी एक गोष्ट लिहीत होतो. नायकाची लहान बहीण नदीत बुडून मरते. पंधरा वर्षांनी तो यंत्र बनवतो, त्या दिवसापर्यंत मागे जातो, तिला काठावरच अडवतो आणि परत येतो. दार उघडतं ती तीच, मोठी झालेली, हसत. हा शेवट लिहिताना माझ्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. काकांनी गोष्ट वाचली आणि हात वर गेला. भैन बुडलीच नाय तर तो यंत्र बनवील कशाला, हा प्रश्न मला अपेक्षित होता. त्यावर मी उत्तर तयार ठेवलं होतं. नायकाच्या डायरीचं काहीतरी. काकांनी ते ऐकून घेतलं आणि बाजूला सारलं.

"ती पोर वाचली. मंग पंदरा वर्सं ती घरात वाढली. भावाशी भांडली, त्याच्या ताटातलं खाल्लं, त्यानं तिला सायकल शिकवली. ह्ये तुझ्या हिरोला ठावं हाय का?"

"नाही. तो तर आत्ता परत आला."

"मंग ज्यानं सायकल शिकवली तो भाऊ कुठं हाय?"

मी खर्ड्याचं शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं.

"तू त्याला मारलास," काका म्हणाले. "भैन वाचवली अन् भाऊ मारलास. दारात जो उबा हाय तो तिला वळखत बी नाय."

त्या गोष्टीचे मी पाच खर्डे केले. पाचही त्यांच्याकडून गोल कागदासकट परत आले.

काकांच्या या वेडामागे काय होतं ते मला कळंबला कळलं. एका सुट्टीला ते मला जेवायला गावी घेऊन गेले. ओटीवर एका तरुणाचा फोटो होता, त्याला ताजं फूल वाहिलेलं. काकी तांदळाची भाकरी वाढत होत्या. मी फोटोकडे पाहतोय हे बघून काका सरळ म्हणाले, "ह्यो माझा दादा. हिचं पयलं लगीन ह्याच्याशी झालेलं." माझा घास हातातच राहिला. काकी शांतपणे सुकटीचं कालवण वाढून आत गेल्या.

दादा तापाने आठ दिवसांत गेला होता. मूल नव्हतं. घरच्यांनी विचार करून धाकट्याशी वहिनीचा पाट लावून दिला. तेव्हा काका वीस वर्षांचे होते.

"दादावर माझा लई जीव. रोज देवाला म्हनायचो, कायबी कर पन दादाला परत आन. मंग मोठी लेक झाली. सुईनीनं पोर आनून हातात दिली. त्या दिवसापून मला म्हनता येईना. दादा यावा म्हनलं तर ही पोर नको म्हनल्यासारखं होतं. नको म्हनलं तर दादा मेला ते बरं झालं असं होतं. पन मंग मानसानं म्हनायचं तरी काय रं?"

उत्तर त्यांना माझ्याकडून नको होतं. हे सगळे लेखक एवढ्या सहजपणे मागे जाऊन येतात तर त्यांतल्या एकाला तरी वाट सापडली असेल, या आशेने तो माणूस वर्षानुवर्षं मासिकं वाचत होता. त्या दिवसापासून मी त्यांना पाठीमागेसुद्धा काकाच म्हणू लागलो.

आता मला ज्या गोष्टीची लाज वाटते ती सांगतो.

आमच्या विभागात एक मोठं बंद लोखंडी भांडं होतं. त्यात आम्लाचं मिश्रण ढवळलं जायचं. ते आपोआप तापायचं, म्हणून भांड्याभोवती सतत गार पाणी खेळवावं लागे. दर अर्ध्या तासाने थर्मामीटर बघायचा आणि तापमान लॉगशीटवर लिहायचं हे माझं काम. रोजचं एक मोठं छापील पान, त्यावर वेळा आणि समोर रिकामे चौकोन. चाळीसच्या वर गेलं तर धोका. ते कधीच जात नसे. अडतीस, सदतीस, पुन्हा अडतीस. मग आम्ही सगळेच एक गोष्ट करायचो. पुढच्या दोन-तीन तासांचे आकडे आधीच भरून ठेवायचो. त्याला आम्ही पेरणी म्हणायचो. जुने लोक करत, त्यांचं बघून आम्ही. साहेबलोकांनाही ते ठाऊक होतं आणि ते काणाडोळा करायचे. फक्त काका करत नसत. सकाळच्या पाळीत बारा वाजता ते लॉगशीटवर सही करायचे तेव्हा पेरलेला आकडा दिसला की म्हणायचे, "दोनचं टेंपरेचर आताच कळलं व्हय रं? यंत्र कुठं लपवलंस, मला बी बसव की." मग तो आकडा एका रेघेने कापायला लावायचे, खालचा वाचता येईल असा, आणि शेजारी सही.

त्या दिवशी सकाळची पाळी होती. पाऊस बरेच दिवस लागून राहिला होता आणि नदीचं पाणी गढूळ होतं. माझ्या गोष्टीचा सहावा खर्डा तयार होता. सव्वाअकराला मी तीन वाजेपर्यंतचे सगळे आकडे पेरून टाकले आणि खर्डा व लॉगशीट घेऊन काकांच्या केबिनमध्ये गेलो. काका वाचू लागले. बाराला मी लॉगशीट पुढे सरकवली. त्यांनी कथेवरची नजर न हलवता सही केली. मी कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पान बघितलं नाही, आणि मला त्याचा आनंद झाला. वाटलं, या वेळी गोष्ट जमली. मी समोरच्या स्टुलावर त्यांचा चेहरा बघत बसलो. एक वाजला, सव्वा वाजला.

भांड्यापाशी फक्त बाळाराम होता. बाळाराम आमचा मदतनीस, चौक गावाच्या बाजूच्या डोंगरपायथ्याच्या एका वाडीचा, तिशीतला. पिंपं हलवायची आणि सांगू तो व्हॉल्व्ह उघडायचा हे त्याचं काम. त्याला सहीपुरती अक्षरं येत, वाचता येत नसे. थर्मामीटर बघणं त्याचं कामच नव्हतं. गार पाण्याच्या नळात गाळ साचून पाणी कमी होत गेलं होतं आणि भांडं अर्ध्यापाऊण तासापासून हळूहळू तापत होतं. मी साडेबाराला एकदा जरी तिथे गेलो असतो तर दिसलं असतं. बाळारामला आतून खदखद ऐकू आली तेव्हा तो धावला आणि पाण्याच्या व्हॉल्व्हचं चाक त्याने फिरवलं. त्याच वेळी झाकणाची कड सुटली आणि उकळतं आम्ल त्याच्या तोंडावर आणि हातांवर आलं.

ती किंकाळी मी लिहीत नाही.

जीप त्याला घेऊन पनवेलला गेली. मागे राहिलेल्यांनी घाबरून दिसेल तो व्हॉल्व्ह बंद केला, त्यामुळे कुठलं चाक आधी कसं होतं ते कोणालाच सांगता येईना. दोन वाजता मॅनेजरांनी लॉगशीट मागवली. दीड वाजता अडतीस. दोनला सदतीस. अडीचला, तीनला अडतीस. त्या पानावर अपघात झालाच नव्हता. मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले आणि माझी पाचावर धारण बसली.

त्यांनी दार लावून घेतलं. "परवा फॅक्टरी इन्स्पेक्टर येतील. हे पान त्यांना दाखवता येणार नाही. नवीन लिहा. एक वाजेपर्यंतचे आकडे ठेवा, खाली शेरा टाका, की मदतनिसाकडून पाण्याचा व्हॉल्व्ह चुकून बंद झाला आणि तापमान एकाएकी चढलं. काकांची सही घ्या." मग म्हणाले, "गोष्टी लिहिता ना तुम्ही? मग जमेल."

जमलं. नोकरी जाईल, पोलीस येतील, घरी काय सांगू, ही भीती होती, तरी जमलं. मी आकड्यांत थोडी हालचालही ठेवली. साडेबाराला एकोणचाळीस लिहिलं, खरं वाटावं म्हणून. संध्याकाळी मॅनेजर त्या पानाची नक्कल घेऊन बाळारामचा जबाब घ्यायला पनवेलला गेले. मी नवं पान सहीसाठी काकांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी ते खिडकीकडे धरून दोनदा वाचलं. हात वर गेला नाही.

"भोक नाय," ते म्हणाले. "तुझ्या समद्या गोष्टींत हीच जमली बघ."

मी मान खाली घातली.

"ह्यात एक मानूस हाय. त्यानं पानी बंद केलं. असा मानूस या जगात कदी नवता; तू केलास त्याला. आता त्याला ऱ्हायाला घर लागंल, खायला लागंल. तो जाईल बाळारामच्या घरात. बाळारामच्या बायकोशेजारी झोपंल, त्याची पोरं त्याला बा म्हनतील. पन मंग खरा बाळाराम कुठं जाईल रं?"

"काका, माझी नोकरी—"

"माझी बी सही हाय जुन्या पानावर. बघितलं नाय मी. तुझी गोष्ट वाचत होतो." त्यांचा आवाज फुटला. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. मॅनेजरांनी त्यांच्याकडे फाडायला दिलेलं जुनं पान त्यांनी खणातून काढलं, नवं त्याच्यावर ठेवलं आणि दोन्ही परत आत ठेवली. "मी तुला आताच कायबी सांगत नाय. मला बी भ्या वाटतंय. उद्या त्याला बघून ये. मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पनवेलच्या दवाखान्यात गेलो. बाळारामचा अर्धा चेहरा पट्टीत होता. उजवा डोळा गेला होता. त्याची बायको पायाशी बसली होती. मला बघून तो उठायला लागला, साहेब आले म्हणून. मी त्याला झोपवलं.

"मॅनेजर सायेब येऊन गेलं," तो म्हणाला. "कागद वाचून दावला. माज्याच हातनं झालं म्हनं."

"तुला काय आठवतंय?"

"चाक फिरवलं येवडं ध्यानात हाय. कोन्या अंगाला, ते नाय. उगडाया गेलो आसं वाटतंय. पन कागदावर लिवलंय. तुमी लोक बघूनच लिवता ना?" त्याने एकच डोळा माझ्यावर लावला. "तुमी बघितलं आसंल ना सायेब? मीच बंद केलं?"

बायकोही माझ्याकडे बघत होती.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्याने डोळा मिटला. "मंग झालं," तो म्हणाला. "माजीच चूक."

एसटीने परत येताना मला तीन वेळा उतरून मागे जावंसं वाटलं आणि तिन्ही वेळा मी बसून राहिलो. मोहोपाड्याला उतरल्यावर खोलीवर न जाता सरळ काकांकडे गेलो आणि त्यांच्या दारात बसून रडलो. मान हलवली तेही सांगितलं. त्यांनी मला रडू दिलं. मग खोलीवर आणून ठेवलेली दोन्ही पानं काढली. नवं पान त्यांनी माझ्याकडे दिलं, ते मी फाडलं. जुनं पान मधे ठेवलं. सव्वाअकराला पेरलेला एकेक आकडा मी एका रेघेने कापला आणि प्रत्येकाशेजारी लिहिलं, 'हा आकडा सव्वाअकरा वाजता लिहिला. थर्मामीटर पाहिला नाही.' प्रत्येकाखाली माझी सही. मग काकांनी पेन घेतलं आणि स्वतःच्या सहीखाली लिहिलं, 'सही केली तेव्हा पान वाचले नाही. दुसरे वाचत होतो.' ते पान त्यांनी दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरांच्या हातात स्वतः दिलं. मॅनेजर समोर उभे होते.

पुढे चौकशी झाली. पाण्याचा नळ उघडल्यावर आत गाळ सापडला. बाळारामवरचा ठपका कागदोपत्री पुसला गेला. मला राजीनामा द्यावा लागला आणि काकांना वेळेआधी निवृत्ती घ्यावी लागली. मी कर्जतला एका शाळेत विज्ञान शिकवू लागलो. मुलं मला कधीकधी विचारत की भूतकाळात जाता येतं का, आणि मी फळ्याकडे वळायचो. ती गोष्ट मी कुठेही पाठवली नाही आणि नंतर एकही लिहिली नाही.

काका मात्र दर रविवारी कर्जतच्या एसटी स्टँडवर दिसायचे. कळंबहून येणाऱ्या गाडीतून उतरायचे आणि चौकची गाडी धरायचे. हातात कधी तांदळाची पिशवी, कधी काकडी. पहिल्यांदा मी विचारलं, कुठे निघालात?

"बाळारामकडं. त्याला सांगून येतो."

"काय?"

"पानी त्यानं बंद केलं नाय म्हनून."

"पण चौकशीत तर सगळं लिहून झालंय."

"त्याला वाचता येतं का?" काका म्हणाले. "त्याच्या डोक्यात तू फाडलेलं पान बसलंय. ते खोडाया मानूसच जायला पायजे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चल की रं. तू सांगितलंस तर पटंल. मान तू हलवलीस."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. मग बहिणीचं लग्न निघालं, मग माझं स्वतःचं. कारणांना तोटा नव्हता. पुढे पुढे तर रविवारी मी स्टँडच्या बाजूला जायचंच टाळू लागलो. काकांनी तक्रार केली नाही आणि नेमही मोडला नाही. सात-आठ वर्षं तरी ते जात राहिले. गावात लोक म्हणायचे, म्हातारा चळला. भर पावसात दोन गाड्या बदलून एकच वाक्य सांगायला जातो.

मग एक दिवस काकींचा निरोप आला. मी कळंबला गेलो. काका अंथरुणाला खिळले होते, पाय सुजलेले, श्वास लागत होता. मला बघून त्यांनी तब्येतीची काहीच गोष्ट काढली नाही.

"तीन आईतवार चुकले," ते म्हणाले. "त्याला वाटंल, म्हातारा खोटं बोलत होता म्हनून यायचा थांबला. तू जा."

"जातो काका."

"आज जा."

त्यांच्याशी माझं झालेलं हे शेवटचं बोलणं. मी त्याच दुपारी चौकला उतरलो आणि विचारत विचारत वाडीवर गेलो. बाळाराम अंगणात भाताची पेंढी बांधत होता, उजव्या हाताची वाकडी झालेली बोटं वापरून. चेहऱ्याची एक बाजू ओढलेली. मी हाक मारताच त्याने मला ओळखलं आणि लगबगीने घोंगडी अंथरली. बायकोला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं होतं तो रागावेल. तो रागावला असता तर किती बरं झालं असतं.

मी सांगितलं. नळात गाळ होता. मी भांड्यापाशी नव्हतोच, केबिनमध्ये बसलो होतो. आकडे खोटे, पान खोटं, आणि दवाखान्यात मी हलवलेली मानही खोटी. तू चाक उघडायलाच गेला होतास. तुझी काही चूक नव्हती, बाळाराम.

तो सगळं नीट ऐकून घेत होता. मी थांबल्यावर हसला.

"काका बी दर आईतवारी ह्येच सांगायचं. लई मोटा मानूस. माजं मन ऱ्हावं म्हनून येवडं लांब यायचं."

"मन राखायला नाही रे. खरं आहे ते."

"सायेब, तवा मी मराया टेकलो होतो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जणू मीच आजारी होतो. "मी इचारलं अन् तुमी मान हलवली. मरत्या मानसाशी कोन खोटं बोलंल? खोटं बोलायचं ते जित्या मानसाशी, त्याला बरं वाटावं म्हनून. तुमी आज बोलताय तसं. माजा राग नाय. झालं ते माज्या हातनं झालं, डोळा माजाच गेला, दुसऱ्या कोनाचा नाय, ह्ये बरं."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. मी कप उचलला नाही. मी पुन्हा सांगायला सुरुवात केली, त्या सकाळी सात वाजल्यापासून, पाऊस कसा होता, मी आकडे किती वाजता लिहिले, कुठल्या स्टुलावर बसलो होतो. बाळाराम पेंढी बांधता बांधता ऐकत होता आणि मला बरं वाटावं म्हणून मधून मधून "हां, हां" म्हणत होता.